वानवडीला मुलाखतीस निघण्यापूर्वी

बारावीनंतर डॉक्टर होऊ पाहणाऱ्या बहुतेकांच्या वाट्याला मुलाखत येत नाही. नीटच्या ७२० गुणांपैकी किती पडले, एवढ्यावर त्यांची ओळख संपते. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयाने, म्हणजे एएफएमसीने, मात्र नीटच्या गुणांवर यादी लावूनही उमेदवाराला समोर बसवून पाहण्याचा हट्ट अजून सोडलेला नाही. त्या यादीत आपले नाव आले असेल, तर आता आपल्याला व्यक्तिमत्त्व लागणार आहे आणि ते वानवडीला पोहोचण्याआधी तयार करून घ्यावे लागेल.

लातूरच्या खोलीवर दोन वर्षे मेसचा डबा आणि एनसीईआरटीचे जीवशास्त्र यांखेरीज आपण काही पाहिलेले नाही, हे मुलाखत घेणाऱ्या अधिकाऱ्यांना सांगण्याचे कारण नाही. प्रथम छंद निवडावा. ‘वाचन’ मुळीच लिहू नये, कारण मग अलीकडे काय वाचले असे विचारतात आणि तिथे मानवी उत्सर्जन संस्थेचा धडा सांगणे बरे दिसत नाही. त्या मानाने गिर्यारोहण सोयीचे. कळसूबाईची उंची १६४६ मीटर आहे आणि वाटेत लोखंडी शिड्या लागतात, एवढे पाठ केले की चढण्याचे श्रम वाचतात. तरीही समोरच्या कर्नलसाहेबांची निम्मी नोकरी डोंगरातच गेलेली असू शकते, म्हणून पायथ्याच्या बारी गावाचे नाव तोंडी असू द्यावे, आणि त्यापुढचा प्रश्न आलाच तर धुके फार होते असे सांगावे.

‘सैन्यदलातच का यायचे आहे?’ याचे उत्तर क्लासने छापून दिलेले असेलच. त्यात स्वतःचा एकही शब्द घालू नये. आपल्याआधी आत गेलेल्या पाचसहा मुलांनी तेच वाक्य त्याच जागी श्वास घेऊन म्हटलेले असल्यामुळे अधिकाऱ्यांच्या कानांना ते सवयीचे झालेले असते. सियाचीनला पाठवले तर जाल का, असे विचारल्यास प्रश्न पुरा होण्याआधी होकार द्यावा. (आईने आपल्यासाठी त्वचारोगशास्त्र आणि कोथरूडमधला दवाखाना योजून ठेवला आहे, ही कौटुंबिक बाब आहे.) महाविद्यालयाची स्थापना १९४८ची, एमबीबीएसचे वर्ग १९६२पासूनचे आणि ब्रीदवाक्य ‘सर्वे सन्तु निरामयाः’, एवढी ऐतिहासिक जाण पुरेशी आहे; ब्रीदवाक्याचा अर्थही विचारतात, तो पाहून ठेवावा.

राहिला बाँड. पदवीनंतर सैन्यदलात अधिकारी म्हणून सेवा करण्याचे लेखी वचन द्यावे लागते आणि ते मोडल्यास मोठी रक्कम भरावी लागते. ती रक्कम आणि खासगी महाविद्यालयातील व्यवस्थापन कोट्याची फी यांची वजाबाकी वडिलांनी पुण्याला येताना गाडीत करून ठेवली असल्यास, तो कागद मूळ गुणपत्रिकांच्या फाइलमध्ये राहिला नाही ना, हे आत जाण्यापूर्वी एकदा तपासून घ्यावे.