मोटर ठणठणीत आहे, मॅडम

तीन दिवस झाले, बाथरूममध्ये भिजलेल्या चादरींची बादली तशीच पडून आहे. आणि माझ्या फ्रंट लोड वॉशिंग मशीनच्या कपाळावर सोनेरी स्टिकर चमकतोय: १० वर्षे वॉरंटी! २०२१च्या दसऱ्याला घेतलेलं मशीन. चार वर्षंसुद्धा धड झाली नाहीत.

टेक्निशियन आला, मागचा पत्रा उघडला, टॉर्च मारला आणि म्हणाला, "पीसीबी, म्हणजे आतला इलेक्ट्रॉनिक बोर्ड, गेलाय. मोटर ठणठणीत आहे, मॅडम."

म्हटलं, वा, मग वॉरंटीत बसेल ना?

"वॉरंटी मोटरवर आहे."

"अहो, पण मोटर तर चांगली आहे!"

"हो ना, म्हणून ती बदलायची गरज नाही."

माणूस हसतही नव्हता. त्याचा काय दोष म्हणा, रोज घरोघरी हीच शिव्याशाप-सेवा त्याच्या वाट्याला येत असणार. बोर्डाचे ९,४००, नुसत्या येण्याचे ६५०, वर १८ टक्के जीएसटी. म्हणजे जवळजवळ बारा हजार. मशीन आणलं होतं अठ्ठावीस हजारांना.

आणि या नव्या बोर्डाला वॉरंटी किती? ९० दिवस. ज्या मोटरीला काही होतच नाही तिला दहा वर्षं, आणि जो बोर्ड गेला त्याला तीन महिने!

आता डोक्यात प्रकाश पडलाय. या इन्व्हर्टर मोटरीत कार्बन ब्रश, म्हणजे फिरताना घासत राहणारे कार्बनचे तुकडे, नसतात, त्यामुळे घासून झिजायला फारसं काही नसतं, ती सहसा जातच नाही. कंपनीला हे पक्कं ठाऊक असतं, म्हणून तर छातीठोकपणे दहा लिहितात. जातं काय? बोर्ड, ड्रेन पंप, दाराचं लॉक, दाराचं रबर, बेअरिंग. आमच्याकडे टँकरचं जड पाणी, त्यामुळे हीटरवर क्षारांचा थर वेगळाच. या सगळ्यावर मिळून वॉरंटी दोन वर्षं. छत्रीच्या दांड्याला दहा वर्षांची हमी द्यायची आणि कापडाला एक पावसाळा, तसलं हे. बरं, दोन वर्षांच्या आत गेलं असतं तरी खात्री नाही. कार्ड काढून वाचलं (भिंग लागलं, चेष्टा नाही): व्होल्टेज वरखाली झालं, उंदराने वायर कुरतडली, पाल किंवा झुरळ आत शिरलं, तर वॉरंटी लागू नाही. मग उरलं काय? काचेच्या कपाटात ठेवून रोज हळदकुंकू वाहायचं का मशीनला?

बहिणीच्या फ्रिजची गत याहून भारी. कॉम्प्रेसरवर दहा वर्षं, आणि तिचा कॉम्प्रेसर खरोखरच गेला. आम्हाला वाटलं, नशीब काढलं बाईने. कॉम्प्रेसर फुकट दिला हो, पण गॅस भरणं, मजुरी, नेण्या-आणण्याचं भाडं, सगळं तिच्या खिशातून. फुकटचा कॉम्प्रेसर साडेचार हजारांना पडला.

खरा राग मात्र माझा माझ्यावर आहे. दुकानात दोन मशीनं शेजारी शेजारी होती. एकावर मोटरला पाच वर्षं, पण अख्ख्या मशीनला तीन. दुसऱ्यावर मोटरला दहा आणि अख्ख्या मशीनला दोन. मी कुठे गेले? दहाकडे! बाबा बरोबर होते. म्हणाले, "अगं, दहा कशावर ते विचार तरी." मी म्हटलं, बाबा, तुम्हाला यातलं कळत नाही. सेल्समनने लगेच री ओढली, "काका, फाइव्ह स्टार आहे, दणकट माल." ते स्टार मशीन वीज किती खातं ते सांगतात रे बाबा, दणकटपणाशी त्यांचा काय संबंध! पण तेव्हा मीही मान डोलावली. आता बाबा काही बोलत नाहीत, नुसता पेपर उलटत बसतात. त्यापेक्षा चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

२०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची व्याख्या आहे म्हणे. पण कंपनी म्हणणार, आम्ही खोटं कुठे बोललो? "१० वर्षे" हाताच्या पंज्याएवढं, आणि "फक्त मोटरवर" मुंगीच्या पायाएवढं. लिहिलंय ना? संपलं. फ्रान्समध्ये २०२१ पासून वॉशिंग मशीनवर दहापैकी गुण छापायला लागले, दुरुस्त करायला किती सोपं आहे याचे. सुटे भाग मिळतात का, महाग आहेत का, सगळं धरून. २०२५ पासून तर त्यांच्या जागी टिकाऊपणाचे गुण. आपल्याकडे सोनेरी स्टिकर.

काल रात्री वैतागून तो नखाने खरवडायला बसले. कोपराही निघाला नाही. गोंद मात्र अस्सल वापरलाय मेल्यांनी, त्याला वॉरंटीची गरजच नाही.

बोर्ड यायला आठ दिवस लागतील म्हणालाय. तोवर बादली, धोपटणं आणि मी. आणि या पावसात चादरी वाळत कुठे घालू?