‘आमच्या वेळी नव्हतं’ म्हणणाऱ्या फॉरवर्डला
ठाण्यात, आमच्या नौपाड्यातल्या सोसायटीच्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात तोच मेसेज तिसऱ्यांदा आला. मजकूर थोडक्यात असा: आमच्या वेळी डिप्रेशन-बिप्रेशन नव्हतं, मोबाईलनं पोरं ठिसूळ झाली, कौन्सेलरकडे गेलं की कायमचा शिक्का बसतो, आणि आत्महत्येचा विषय काढला की नसलेलं डोक्यात शिरतं. खाली अठरा अंगठे. मी ऐरोलीत कॉलेजात शिकवतो, त्यामुळे ते अंगठे जरा जास्तच बोचले.

‘आमच्या वेळी नव्हतं’ हे निदान ठाणेकरानं तरी म्हणू नये. आपल्या गावचं मनोरुग्णालय १९०१ सालचं. चेष्टेत कुणालाही ‘ठाण्याला पाठवा’ म्हणायची सवय महाराष्ट्राला उगाच नाही लागली. आजार होता, इमारत होती, टोमणाही होता. नव्हती ती फक्त बोलायची सोय. माझा एक मामेभाऊ बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी परीक्षेला बसलाच नाही, दोन वर्षं घराबाहेर पडला नाही. पाहुण्यांना सांगितलं जायचं, ‘अभ्यासाचा ताण, बाकी काही नाही.’

मोबाईलचं म्हणाल तर रात्री तीनपर्यंत स्क्रीन बघणं वाईटच, त्यावर वाद नाही. पण केटी लागलीय, म्हणजे विषय राहिलाय, शैक्षणिक कर्ज डोक्यावर आहे, झोप उडालीय म्हणून पोरगा मोबाईल घेऊन पडतो, हेही असतं. छत्र्या उघडल्या म्हणून पाऊस पडला, असं आपण म्हणत नाही.

आता शिक्का. समुपदेशकाकडे गेल्याची नोंद मार्कशीटवर येत नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम २३ नं उपचारांची माहिती गुप्त राखण्याचा हक्क दिला आहे. मुलांची भीती मात्र खोटी नाही. समुपदेशनाची खोली ऑफिसच्या काचेसमोर असेल, तर आत कोण गेलं हे क्लार्कपासून शिपायापर्यंत सगळ्यांना कळतं. कुठे एखाद्या प्राध्यापकाच्याच गळ्यात हे काम अडकवलेलं असतं. तोच अंतर्गत गुण देणार, त्याच्यापुढे कोण मन मोकळं करील? सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२५ मध्ये निर्देश दिले की शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता हवा. अठरा अंगठेवाल्यांनी आपल्या मुलाच्या कॉलेजात फोन करून तो आहे का, एवढं विचारावं.

शेवटचा मुद्दा सगळ्यात घातक. विचारल्यानं विचार डोक्यात शिरत नाही; जागतिक आरोग्य संघटनाही हेच सांगते. गेल्या वर्षी कळव्याहून येणारा एक मुलगा व्हायवा संपल्यावर रेंगाळला. आपला सायंटिफिक कॅल्क्युलेटर आणि सगळ्या नोट्स त्यानं सकाळीच मित्रांना वाटून टाकल्या होत्या, ‘मला आता नको’ म्हणून. मला ते खटकलं. दार लोटून घेतलं आणि सरळ विचारलं, “जीव द्यावासा वाटतो का रे?” माझाच घसा कोरडा पडला होता. तो ट्रान्स-हार्बर लोकलच्या पासाचं प्लॅस्टिकचं कव्हर बोटांनी दुमडत राहिला. मग म्हणाला, “हो.” आणि लगेच, “सर, घरी सांगणार?”

मी सांगेन म्हटलं, पण तुझ्यासमोर, आणि आधी कुणाला ते तू ठरव. भाषण दिलं नाही. त्याला एकटं सोडलं नाही. १४४१६ लावला, ही सरकारची टेली-मानस सेवा, ऑक्टोबर २०२२ पासूनची, मोफत, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. फोन त्याच्या हातात दिला आणि मी खिडकीशी जाऊन उभा राहिलो. पाऊण तास बोलला तो.

घरी आधी आईला सांगायचं ठरलं. वडिलांना का नको, ते त्यानं मोबाईल पुढे करून दाखवलं. घरच्या ग्रुपवर हाच मेसेज होता, आणि पाठवणारे वडीलच.