"पाळीव कुत्रा चावला तर घाबरू नका" म्हणे! त्या मेसेजमधलं एकेक बघू

ठळक अक्षरात "पाळीव कुत्रा चावल्यास घाबरू नका" असं सुरू होणारा आणि "जनहितार्थ, पुढे पाठवा" असं संपणारा मेसेज तुमच्याकडे पण आला असेल. आमच्या जुळे सोलापूरच्या सोसायटी ग्रुपवर या महिन्यात तीनदा आला, मावशीच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर पण फिरतोय. ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, त्यात पाच गोष्टी आहेत. कुत्र्याची लस झालेली असेल तर माणसाला इंजेक्शन नको, नुस्तं १० दिवस कुत्र्यावर लक्ष ठेवा. जखमेवर हळद, चुना, तिखट लावा म्हणजे विष खेचलं जातं. धोका फक्त पिटबुल, रॉटवायलर अशा बंदी घातलेल्या २३ जातींचा, बाकीचे सेफ. शेपूट हलवणारा कुत्रा चावत नाही. आणि शेवटचं सगळ्यात भारी, कुत्रा उगाच चावत नाही, समोरच्याने काहीतरी केलेलं असतं, त्यामुळे गेटवर "कुत्र्यापासून सावध" बोर्ड असेल तर मालकावर कसलीच जबाबदारी येत नाही.

आधी सांगून टाकतो, मी कुत्र्यांच्या विरोधात नाही. आमच्या घरी चंपी नावाची गावठी कुत्री आहे, नऊ वर्षं झाली, भाकरीचा कडक पापुद्रा आणि दूध हा तिचा नाश्ता. त्यामुळे "तुम्हाला मुक्या जनावराचं प्रेम नाही" हे मला कुणी ऐकवू नका.

तर झालं असं की आमच्या इथलं एक आठ वर्षांचं पोरगं संध्याकाळी ट्युशनहून येत होतं, पार्किंगमध्ये एकाचा लॅब (लॅब्रॅडॉर कुत्रा) मोकळा होता, पट्टा गळ्यात पण दोरी मालकाच्या खांद्यावर आणि मालक मोबाईलवर. कुत्रा पळत आला, पोरगं घाबरून पळालं, आणि पोटरीला दात लागले. चार खड्डे, दोनातून रक्त. मालकाचं पहिलं वाक्य काय होतं माहितीय? "घाबरालास काय बे, खेळालाय तो." आणि पोराची आई खाली आल्यावर दुसरं, "काय नाही ओ होत, लस झालीय की त्याची." मग त्याच रात्री ग्रुपवर पहिल्यांदा तो मेसेज पडला, कुणी टाकला असेल ते सांगायला नको.

आता पहिला मुद्दा, कारण जीव जाऊ शकतो तो याच्यामुळे. रेबीजची लक्षणं एकदा सुरू झाली की त्यावर औषध नाही, माणूस वाचत नाही म्हटलं तरी चालेल. म्हणजे जे काय करायचं ते लक्षणांच्या आधी, आणि चावल्यापासून लक्षणं यायला साधारण एक ते तीन महिने लागतात, कधी आठवडाभरात पण येतात. चेहऱ्याला, डोक्याला, हाताच्या बोटांना चावलं असेल तर जास्त घाई, आणि लहान पोरांची उंचीच अशी की कुत्र्याचं तोंड त्यांच्या तोंडाशी येतं.

१० दिवसांची गोष्ट पूर्ण खोटी नाही, म्हणून तर ती खपते. रेबीज झालेल्या कुत्र्याच्या लाळेत विषाणू येतो तो लक्षणांच्या थोडे दिवस आधी, आणि तसा कुत्रा १० दिवसांच्या आत मरतो. म्हणजे चावल्यावर १० दिवस कुत्रा ठणठणीत राहिला तर चावला तेव्हा त्याच्या लाळेत रेबीज नव्हता असं म्हणता येतं, बरोबर आहे. पण हे १० दिवस बघत बसायचे नसतात, इंजेक्शनं पहिल्या दिवशीच सुरू करायची आणि कुत्र्यावर लक्ष त्याच वेळी ठेवायचं, दोन्ही सोबत. १० दिवसांनी कुत्रा ठीक असेल तर पुढच्या डोसचं काय करायचं ते डॉक्टर ठरवतात. मेसेजने "आणि" काढून तिथं "किंवा" टाकलंय. शिवाय हा १० दिवसांचा हिशोब फक्त कुत्रा-मांजराचा, माकड चावलं तर तो लावू नका.

आणि "लस झालीय" म्हणजे काय झालीय? आम्ही कार्ड मागितलं. मालक जरा नाराजीनेच वर गेला, प्लॅस्टिकच्या पिशवीतून निळं कार्ड घेऊन आला. बाटलीवरचे छोटे स्टिकर एकाखाली एक चिकटवलेले असतात तसे तीन स्टिकर, शेवटचा २०२१ चा, त्याच्यासमोर पेनाने पुढच्या वर्षीची तारीख, आणि खालचा चौकोन कोरा. तो माणूस खोटं बोलत नव्हता हो, त्याला खरंच वाटत होतं की लस झालीय. पिल्लू तीन महिन्यांचं झाल्यावर पहिली, मग बूस्टर, मग दरवर्षी, हे बहुतेक घरात पहिल्या वर्षी कौतुकाने होतं आणि नंतर राहून जातं. माझं पण एकदा चंपीचं चार महिने लेट झालं होतं, कबूल करतो. आणि कार्ड अगदी अपडेट असलं तरी लस नीट थंड ठेवली होती का, ती कुत्र्याला लागू पडली का, हे कार्डावर लिहिलेलं नसतं. म्हणून कार्ड घेऊन डॉक्टरकडे जायचं, कार्ड दाखवून घरी बसायचं नाही.

इंजेक्शनची भीती हा यातला न बोललेला भाग आहे. माझ्या मामाला लहानपणी पोटात १४ घेतलेली, तो अजून सांगताना पोटावर हात ठेवतो. ती मेंढीच्या मेंदूपासून बनवलेली जुनी लस होती, ती भारतात २००५ च्या सुमारास बंद झाली, वीस वर्षं झाली त्याला. आता सरकारी दवाखान्यात दंडात कातडीत बारीक टोचतात, त्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. स्नायूत देतात तेव्हा चौदाव्या दिवशीचा धरून पाच. सरकारी दवाखान्यात फुकट. कातडी फाटून रक्त आलं असेल तर लसीसोबत सीरम पण लागतं, ते जखमेत आणि जखमेच्या कडेने भरतात, कारण लसीची ताकद शरीरात तयार व्हायला आठवडा-दोन आठवडे जातात आणि तेवढ्या काळासाठी तयार संरक्षण पाहिजे. हे विचारून घ्या, "सीरम द्यायचं का?" एवढं एक वाक्य. अंडी-मटण बंद करायची गरज नाही, आणि पोटात पिल्लं होतात वगैरे तर सोडूनच द्या.

हळद-चुना-तिखट. आमच्या पूर्व भागातल्या आजीचा हा ठरलेला उपाय होता, तिखटाचा डबा घेऊनच यायची, आणि पोरगं कुत्र्यापेक्षा आजीला जास्त भ्यायचं. मुळात ते विष नाहीच, खेचायला. तो विषाणू आहे, त्याच्यावर चरबीचं पातळ आवरण असतं आणि साधा साबण ते आवरण फोडतो. म्हणून वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवायचं, घड्याळ लावून. तिखट-चुन्याने जखम चिघळते आणि विषाणू आणखी आत जायला वाट मिळते. आता कुणी म्हणेल सोलापुरात वाहतं पाणी कुठून आणू, नळाला चार-पाच दिवसाआड पाणी. खरंय. त्या दिवशी आम्ही पण ड्रममधनं बादली भरली, एक जण मगाने वरून ओतत होता, दुसरा लाइफबॉय चोळत होता, पोरगं शेजारच्या काकूंच्या मांडीवर बोंबलत होतं, तीन बादल्या गेल्या. झालं की. नंतर बेटाडिन लावायचं, घट्ट पट्टी बांधायची नाही, आणि टाके लगेच घालून मागायचे नाहीत.

जातींचं चटकन उरकतो. ते २३ जातींचं पत्र केंद्राने मार्च २०२४ मध्ये राज्यांना पाठवलं होतं, आणि कर्नाटक हायकोर्टाने ते त्याच वर्षी रद्द केलं, त्यामुळे "बंदी घातलेल्या" हे मेसेजवाल्याने सरळ ठोकून दिलंय. मोठ्या जबड्याचा कुत्रा चावला तर जखम मोठी हे खरं, पण रेबीजला जात कळत नाही, पॉमेरियनच्या दाताने पण तेच होतं. आणि आपल्याकडं चावला तो लॅबच होता, ज्याला सगळे "लहान मुलांचा कुत्रा" म्हणतात.

शेपटीचं पण तसंच अर्धवट. सैल, अख्खी कंबर हलतेय अशी शेपूट वेगळी आणि ताठ वर धरून थरथरणारी वेगळी. अंग कडक होणं, तोंड बंद करून एकटक बघणं, डोळ्याचा पांढरा भाग दिसणं, काही खाल्लेलं नसताना ओठ चाटणं, हे सगळं "लांब रहा" सांगणं असतं. गुरगुरला की आपण त्याला फटका देतो ना, त्याने तो चांगला होत नाही, गुरगुरायचं सोडतो आणि पुढच्या वेळी सरळ चावतो. आणि एप्रिल-मेमध्ये ४३ डिग्रीत गच्चीवर पत्र्याखाली साखळीने बांधून ठेवलेला कुत्रा संध्याकाळी खाली आणल्यावर चिडचिडा का असतो हे विचारायला कुठल्या डॉक्टरची गरज आहे? ती साखळी कुत्र्याने स्वतः बांधून घेतली नव्हती.

आता बोर्डाचं. भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ वाचा, १ जुलै २०२४ पासून लागू आहे, त्याआधी दंडसंहितेत हेच २८९ होतं. आपल्या ताब्यातल्या जनावरापासून माणसाच्या जिवाला किंवा गंभीर इजेचा धोका होऊ नये म्हणून पुरेशी काळजी घेतली नाही, जाणूनबुजून किंवा निष्काळजीपणाने, तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. प्रत्यक्ष इजा झाली तर कलम १२५ पण लागू शकतं. यात बोर्डाचा शब्द कुठं नाही. उलट मला विचाराल तर बोर्ड लावणाऱ्याने स्वतःच लिहून दिलंय की माझा कुत्रा चावू शकतो हे मला माहिती होतं. आणि बोर्ड गेटवर असतो, पार्किंगमध्ये नाही. लस, जंताचं औषध, नसबंदी हे पाळीव जनावराच्या मालकाचं काम आहे हे तर २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत सरळ लिहिलेलं आहे.

"समोरच्याने काहीतरी केलं असेल" याला काय उत्तर देणार. पोराने काय केलं? पळालं. आठ वर्षांचं पोरगं अंगावर येणाऱ्या तीस किलोच्या कुत्र्याला बघून पळणार नाही तर काय त्याला शेकहँड करणार? पोरांना शिकवायला पाहिजे, थांब, ओरडू नको, डोळ्यात बघू नको, जेवणाऱ्या कुत्र्याजवळ जाऊ नको, मी स्वतः आमच्या गल्लीत शिकवतो. पण पळणं हा गुन्हा नाही आणि दोरी खांद्यावर टाकून मोबाईल बघणं ही सवय आहे, या दोघांना एका तराजूत घालू नका.

त्या मालकाशी भांडण खूप झालं, मी पण जास्त बोललो. पोलिसात जायचं का यावर मीटिंग झाली, पोराच्या वडिलांनी नको म्हटलं, शेजारी आहे म्हणून. पण एक अट घातली त्यांनी, इंजेक्शनला प्रत्येक वेळी कुत्र्याच्या मालकाने न्यायचं, स्वतःच्या गाडीवर, लायनीत स्वतः उभं राहायचं. पहिल्यांदा तोंड वाकडं करून गेला. तिसऱ्या दिवशी गेला तेव्हा त्या लायनीत किती पोरं होती ते येऊन सांगत होता, कुणाच्या गालाला, कुणाच्या ढोपराला. सातव्या दिवसाचं पण झालं. १० दिवस कुत्रा ठीक राहिला, त्याचीही लस घेऊन आला, कार्डावर नवा स्टिकर बघितला मी.

डॉक्टरने चौथं पण घ्यायला सांगितलंय, ते पुढच्या गुरुवारी आहे. मेसेज मात्र त्याने अजून ग्रुपवरून डिलीट केलेला नाही.