कुलूप तुम्हीच घातलंय?

हार्डडिस्कची केबल सैल झाली होती, बाकी काही नाही. राजारामपुरीतल्या एका दुकानात नवी घेतली आणि चालतेय का बघायला पोरानं डिस्क दुकानातल्याच कॉम्प्युटरला लावली. पडद्यावर शेकडो फायली: आधी ‘ड्युप्लिसिटी-फुल’, मग लांबलचक तारीख, शेवटी ‘जीपीजी’. पोरानं एकीवर क्लिक केलं. विंडोजला ती कशात उघडायची तेच कळेना.

“दादा, गेलं की ओ सगळं.”

“गेलं नाही. एन्क्रिप्टेड बॅकअप आहे तो.”

“तेच म्हणतोय मी.”

सातबाऱ्याच्या झेरॉक्ससाठी थांबलेले एक काका तेवढ्यात चष्मा सावरत पुढं आले. “व्हायरस हाय त्यो! आमच्या साडूच्या हापिसात सेम झालतं. फायली कुलूपबंद, आन् वर पैसं मागत हुते.”

काकांचं निदान अगदीच खुळ्यासारखं नव्हतं, हेच जास्त झोंबलं. रॅन्समवेअर, म्हणजे फायली कुलूपबंद करून पैसे मागणारा व्हायरस, करतो तेही हेच, फक्त तिथं किल्ली चोराकडं राहते. मी समजावायला लागलो. उबुंटूवर, म्हणजे विंडोजऐवजी मी वापरतो त्या सिस्टीमवर, बॅकअप घेणारं देजा डुप नावाचं साधं सॉफ्टवेअर आहे, फोल्डर सांगायचा, पासवर्ड द्यायचा, बाकी ते बघून घेतं. 2019 च्या पुरात पंचगंगा कुठवर आली होती ते आठवा, म्हणून एक प्रत पुण्याला बहिणीकडं...

“म्हंजे कुलूप तुम्हीच घातलंय?”

“हो.”

“घरच्यांपास्नं?”

पासपोर्ट फोटोला आलेल्या दोन बायका वळून बघायला लागल्या.

“चोरापासून, काका! डिस्क हरवली तर कुणाला वाचता येऊ नये म्हणून.”

“आन् किल्ली इसरला तर?”

“तर मलाही उघडणार नाही.”

“मग कंपनीला फोन लावायचा.”

“कंपनी नाही. फुकट आहे ते.”

“फुकाट!” काकांनी पोराकडं असं बघितलं की खटला तिथंच निकालात निघाला.

आता विसरण्याची भीती त्या सॉफ्टवेअरलाही आहेच. दर दोन महिन्यांनी ते पासवर्ड पुन्हा विचारतं आणि फायली खरंच परत मिळतात का ते तपासून बघतं. घरात माझी एवढी काळजी दुसरं कुणी करत नाही.

पण खरा संताप आला तो दुकानाच्या डेस्कटॉपवर नजर गेल्यावर. गिऱ्हाइकांची आधार कार्डं, पॅन, पासबुकं, कुणाचा तरी रक्ताचा रिपोर्ट, सगळं उघडं पडलेलं. प्रिंट काढून माणूस घरी जातो, फाईल तिथंच राहते. शेवटचे चारच आकडे दाखवणारं मास्क्ड आधार सरकारच देतं, पण ते पुढं केलं की ‘हे चालत न्हाई, पूर्ण द्या’. एका कोपऱ्यात काकांचंही आधार होतं, दोन्ही बाजूंनी, फोटोसकट. त्याला कुणी व्हायरस म्हणत नव्हतं. मी बोट दाखवलं, तर काका खूश झाले. “ऱ्हाऊ दे की. पुढल्या टायमाला परत पाठवाय नको.”

“दादा, फॉरमॅट मारून देऊ? दोनशे,” पोरगं म्हणालं.

मी डिस्क उपटून पिशवीत टाकली. बिलात केबलखाली आणखी पन्नास लावले होते.

“हे कसले?”

“चेकिंगचे.”

“चेकिंग कसलं? काय चेक केलंस?”

“आवो, व्हायरस घावला न्हवं का त्याला,” काका म्हणाले.