चौऱ्याण्णव टक्क्यांवरचं मरण

"अहो इंजिनिअर, परत मेली."

नमस्कार नाही, चमत्कार नाही. मेली ती आमच्या साइटवर चढवायची फाइल. एका पतसंस्थेचा चाळीस पानी लेखापरीक्षण अहवाल, ८० एमबीचा. रंगीत आणि ६०० डीपीआयवर स्कॅन केलेला, कारण "शिक्का निळा दिसला पाहिजे." २०० डीपीआयवरही शिक्का निळाच राहतो हे मी तीनदा सांगून पाहिलं. फोन करणारे संस्थेचे हिशेबनीस काका. त्यांच्या मते चूक सर्व्हरची, आणि सर्व्हर म्हणजे मी.

माझ्या लॅपटॉपवरून तीच फाइल सात सेकंदांत वर जात होती. "माझ्याकडे चालतंय," असं मी म्हणालो आणि काकांनी एक दीर्घ श्वास घेतला. तो श्वास मला अजून ऐकू येतो.

मग त्यांनी समालोचन सुरू केलं. फोन टेबलावर, स्पीकर चालू. "साठ... एकसष्ट... चहा ठेव रे तिकडे... बासष्ट..." मध्येच एक खातेदार येऊन व्याजाचा दर विचारून गेला. "नव्वद. एक्क्याण्णव. श्वास रोखा हं इंजिनिअर. त्र्याण्णव. चौऱ्याण्णव..." आणि शांतता. "गेली. म्हणजे गेली नाही. मेली." स्क्रीनवर काय आलं? "काहीतरी चुकलं, कृपया पुन्हा प्रयत्न करा." हे वाक्य कोणत्या गाढवाने लिहिलं, असं काकांनी विचारलं. लिहिलं होतं मी, दोन वर्षांपूर्वी, घाईत. मी म्हटलं, आहे एक जण.

लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदींत, एरर कोड ४०८. फाइल मर्यादेपेक्षा मोठी असती तर ४१३ आला असता. आमच्या अॅपच्या दारात बसून येणारं सगळं आधी घेणारा प्रोग्राम म्हणजे एन्जिनएक्स; त्याची मूळ मर्यादा जेमतेम १ एमबी, ती आम्ही १०० केली होती. फाइल पूर्ण पोचून मागचं अॅप विचार करत बसलं असतं तर ६० सेकंदांनी ५०४. पण ४०८ म्हणजे पाठवणाऱ्याला वेळ पुरला नाही. हा आकडा एन्जिनएक्स स्वतःही देतो, म्हणून मी आधी त्याचीच मानगूट धरली आणि त्याचा बॉडी टाइमआउट, म्हणजे डेटाची वाट पाहायची मुदत, ६० सेकंदांवरून ६०० केला. काडीचा फरक नाही. पडणार कसा? ते ६० सेकंद अख्ख्या अपलोडसाठी नसतातच. डेटाचा एक घोट आणि पुढचा घोट यांच्यामध्ये किती थांबायचं, त्याचे ते असतात. काकांचं नेट हळू होतं, पण थांबत नव्हतं. लॉगच्या नमुन्यात अपस्ट्रीम स्टेटस, म्हणजे मागून आलेला कोड, छापून घेतलं असतं तर हा ४०८ मागच्या नोडकडून (आमचं अॅप ज्यावर चालतं तो) येतोय हे पहिल्याच दिवशी कळलं असतं.

खरा पुरावा दिला काकांनी. त्यांनी वही घातली होती. रकाने: तारीख, सुरू, मेली, टक्के, शेरा. शेऱ्यात "सर्व्हर", "सर्व्हर", "लाइट", "सर्व्हर". आणि मधूनच एक "गेली!", लाल शाईत. यावरून त्यांचा सिद्धांत असा, की दुपारी बारानंतर जाते, मंगळवार सोडून.

मी हसलो. मग रकाने वाचले. लाइट वगळता एकही मरण पाच मिनिटांच्या आत नाही. सगळी ९४ ते ९९ टक्क्यांमध्ये.

संस्थेचं नेट फाइल उतरवताना ४० एमबीपीएस, चढवताना २. जाहिरातीत फक्त चाळिसाचं कौतुक असतं. दोनाचा उल्लेख करायला कंपन्यांची जीभ रेटत नाही. एमबीपीएस म्हणजे सेकंदाला मेगाबिट, आणि एका बाइटचे आठ बिट. म्हणून ८० एमबी म्हणजे ६४० मेगाबिट, भागिले दोन, ३२० सेकंद. आणि एप्रिल २०२२ मध्ये आलेल्या नोडच्या १८व्या आवृत्तीपासून अख्खी रिक्वेस्ट (इथे अख्खी फाइल) पूर्ण व्हायला मुदत आहे ३०० सेकंद. आधी मुदतच नव्हती. आमच्याकडे १६ वरून १८ केलं तेव्हा "काहीच बदललेलं नाही" असा मेल सर्वांना गेला होता. शिवाय नोड ही मुदत सतत नाही, दर ३० सेकंदांनी तपासतो. ती फेरी तुमच्या ३०० ते ३२० सेकंदांच्या मध्ये आली तर मेलात, नाही आली तर सुटलात. तीनातल्या दोन वेळा मरण. मंगळवारचा काही संबंध नाही.

एन्जिनएक्स पुढे असताना असं व्हायलाच नको होतं. तो एरवी सगळी फाइल आधी आपल्याकडे तात्पुरती उतरवून घेतो आणि मगच झटक्यात मागे देतो. पण ते रिक्वेस्ट बफरिंग आमच्याच एका विद्वानाने "मेमरी वाचेल" म्हणून बंद केलेलं. मोठी फाइल तिथे मेमरीत नाही, डिस्कवर उतरते हो! असो. ते चालू केलं, तात्पुरत्या फोल्डरच्या डिस्कवर जागा आहे ना ते पाहिलं, आणि कर्ल या फाइल पाठवायच्या साधनाची लिमिट-रेट २५०के (सेकंदाला २५० केबी) ठेवून काकांच्या वेगाने फाइल पाठवली. साडेपाच मिनिटं मी टक्के मोजत बसलो. मनात. गेली.

नोडची मुदत शून्य करून टाक, असा सल्ला मला वरून मिळाला होता. मग कुणीही थेंब थेंब डेटा पाठवत शेकडो कनेक्शनं अडवून बसावं.

हे सगळं काकांना सोपं करून सांगितल्यावर ते म्हणाले, "मग थोडी थोडी का नाही घेत तुम्ही? पोतं एका खेपेत माडीवर जात नसेल, तर आम्ही चार खेपा करतो." ५ एमबीचे १६ तुकडे, प्रत्येकी २० सेकंद, तुटला तर तेवढाच पुन्हा. हा प्रस्ताव मी सहा महिन्यांपूर्वी मीटिंगमध्ये मांडला होता. तेव्हा "पुढच्या टप्प्यात बघू" ठरलं. काकांचं पोतं मी तसंच्या तसं मेलमध्ये लिहून पाठवलं. दहा मिनिटांत मंजूर! माझ्या आकृतीला चार रंग होते.

काल सकाळी पुन्हा फोन. "अहो इंजिनिअर, गेली. पहिल्याच खेपेत." मी खुर्चीत जरा ताठ झालो. "पण पानं उलटी स्कॅन झालीत. आता ती काढायची कशी?"

डिलीटचं बटण पुढच्या टप्प्यात आहे.