बँकॉकचा व्हिडिओ लावलेलं ते टॉवरवालं फॉरवर्ड, मुद्द्यागणिक

सोसायटीच्या ग्रुपवर रिडेव्हलपमेंटचा विषय निघाला की हल्ली ते फॉरवर्ड पडतंच. वर बँकॉकची कोसळणारी बिल्डिंग आणि खाली मुद्दे. उंच बिल्डिंगचा पाया उंचीच्या एक तृतीयांश खोल लागतो आणि आपले बिल्डर तेवढं खणत नाहीत, वाऱ्यात हलते ती बिल्डिंग कच्ची, भूकंपात जी सगळ्यात उंच ती सगळ्यात आधी जाते, परदेशात पैसा आहे म्हणून ते उद्या दोन किलोमीटर उंचपण बांधतील पण आपण आपलं चार मजल्यांवर थांबावं. शेवटी अर्थातच "पुढे पाठवा". माझं पोट आरसीसी ड्रॉइंग्जवर चालतं त्यामुळे हे वाचून गप्प बसवत नाही.

पायाचं आधी. दुबईचा बुर्ज खलिफा ८२८ मीटर, म्हणजे या हिशोबाने पाया पावणेतीनशे मीटर खाली हवा. प्रत्यक्षात आहे ३.७ मीटर जाडीचा राफ्ट, म्हणजे बिल्डिंगखालचा काँक्रीटचा सलग थर, आणि त्याखाली दीड मीटर व्यासाचे १९० च्या वर पाईल, म्हणजे जमिनीत उभे ओतलेले काँक्रीटचे खांब, साधारण ५० मीटर खोलीपर्यंत गेलेले, बास. तेही तिथे खाली आपल्यासारखा कातळ नाही, ठिसूळ वाळूचा दगड आहे, पाईल मुख्यतः आजूबाजूच्या दगडाशी होणाऱ्या घर्षणावर वजन पेलतात. किती खोल जायचं हे जमिनीत काय लागतं त्यावर ठरतं, मजले मोजून भागाकार करत नाहीत हो. पुण्यात बऱ्याच ठिकाणी मुरूम काढला की काळा पाषाण लागतो आणि पाया तिथेच बसतो. साईटवर जो भलामोठा खड्डा दिसतो आणि महिनोन् महिने ब्रेकर कानाशी कटकट करतो ना, तो बहुतेक वेळा बेसमेंट पार्किंगचा असतो. काळजी करायची तर बुजवलेल्या ओढ्यावरच्या प्लॉटची करा, तिथे माती तपासायला बोअर किती घेतले आणि सॉईल रिपोर्ट कुठंय हे विचारा.

आता हलणं. अहो हलणारच. वरच्या टोकाला उंचीच्या पाचशेव्या भागाच्या आसपास सरकणं हे डिझाईन करताना चालवून घेतात, बुर्जचं टोक दीडेक मीटर झुलतं आणि त्यात कच्चं काही नाही. वारा नुसता समोरून ढकलतो असं लोकांना वाटतं, पण उंच बिल्डिंगला जास्त छळतो तो बाजूने सुटणारा वारा. बिल्डिंगच्या दोन्ही कडांवरून आळीपाळीने भोवरे सुटतात, एकदा डावीकडे ओढ एकदा उजवीकडे, आणि ती लय बिल्डिंगच्या स्वतःच्या लयीशी जुळली की झोपाळ्याला बरोबर वेळेवर धक्का दिल्यासारखं होतं, प्रत्येक धक्क्याला झोका वाढत जातो. म्हणून बुर्जचा आकार वर जाताना सारखा बदलतो, पायऱ्यापायऱ्यांनी गोल फिरत आत जातो, म्हणजे वेगवेगळ्या उंचीवर वेगवेगळे भोवरे सुटतात आणि त्यांची एकी होत नाही. हे सगळं विंड टनेलमध्ये, म्हणजे जोराचा वारा सोडायच्या बोगद्यात, मॉडेल ठेवून ठेवून ठरवलंय. शांघाय टॉवर ६३२ मीटर, तो तर वर जाताना १२० अंशात पिळलाय, त्या पिळानेच वाऱ्याचा भार २४ टक्क्यांच्या आसपास कमी झाला. तैवानच्या तैपेई १०१ टॉवरमध्ये ८७ ते ९२ मजल्यांच्या दरम्यान ६६० टनांचा स्टीलचा गोळा टांगलाय, बिल्डिंग एकीकडे गेली की तो उलट बाजूला ओढतो. २०१५ च्या वादळात तो गोळा मीटरभर हलला. आणि तो मुख्यतः आतल्या माणसांना गरगरू नये म्हणून आहे, बिल्डिंग पडेल म्हणून नाही.

वाऱ्याची भीती अगदीच फालतू आहे असं मात्र मी म्हणणार नाही. न्यूयॉर्कची ५९ मजली सिटीकॉर्प बिल्डिंग १९७७ ची, लोक राहायला, सॉरी, ऑफिसात बसायला लागल्यावर लक्षात आलं की तिरका वारा आला तर जोड कमी पडतील, कारण वेल्डिंगच्या जागी बोल्ट मारले होते. १९७८ मध्ये रात्री रात्री गुपचूप प्लेटा वेल्ड केल्या आणि बाहेर कोणाला १९९५ पर्यंत पत्ता नव्हता. म्हणजे घोळ होतो तो जोडात होतो. नुसत्या उंचीने नाही.

भूकंपाचा मुद्दा सगळ्यात जास्त लोकांना पटतो आणि तोच सगळ्यात चुकीचा. प्रत्येक बिल्डिंगला तिचा हेलकाव्याचा एक वेळ असतो, म्हणजे एक पूर्ण झोका घ्यायला लागणारा वेळ, पाच मजलीला साधारण अर्धा सेकंद, बुर्जला ११ सेकंदांच्या आसपास. जमीन ज्या लयीत हलेल तिच्याशी जिचा वेळ जुळेल त्या बिल्डिंगला मार. मेक्सिको सिटीत १९८५ ला जुन्या तळ्याच्या गाळावर जमीन साधारण दोन सेकंदांच्या लयीत हलली आणि मुख्यतः ६ ते १५ मजल्यांच्या बिल्डिंगा गेल्या, ४४ मजली तोरे लातिनोअमेरिकाना तशीच उभी. मग बँकॉक? २८ मार्च २०२५ ला म्यानमारमध्ये भूकंप झाला, हजारेक किलोमीटर लांब, बँकॉकच्या मऊ चिकणमातीने संथ लाटा वाढवल्या आणि उंच बिल्डिंगा झुलल्या, गच्चीवरच्या स्विमिंग पूलचं पाणी खाली सांडलं ते व्हिडिओ आठवत असतील. पण कोसळलेली बिल्डिंग अर्धवट बांधकामातली होती आणि तपासात तिच्या लिफ्टभोवतीच्या भिंतींवर बोट ठेवलं गेलं. ३१४ मीटरचा महानाखोन टॉवर त्याच शहरात, त्याच दिवशी, उभा राहिला. फॉरवर्डवाल्याने तेवढंच कापलं, याला म्हणतात कात्रजचा घाट दाखवणे.

आपल्याकडचं उदाहरण घ्यायचं तर २६ जानेवारी २००१. भूजपासून दोनशेहून जास्त किलोमीटर लांब अहमदाबादमध्ये बिल्डिंगा पडल्या त्यात चार मजली भरपूर होत्या, खाली पार्किंगसाठी नुसते कॉलम आणि वर भिंतींनी भरलेले मजले. सगळा हेलकावा त्या खालच्या कॉलमांवर येतो आणि ते मोडले की वरची बिल्डिंग एक मजला खाली बसते. आता सांगा पुण्यात स्टिल्ट पार्किंगवाल्या जुन्या बिल्डिंगा किती आहेत. हे फॉरवर्ड टाकणारे काका बहुतेक तसल्याच बिल्डिंगच्या दुसऱ्या मजल्यावरून टाकतायत. १९६७ चा कोयनेचा धक्का पुण्यात जाणवला होता, आणि असा जवळचा, कातळातून येणारा झटका भराभर हलवतो, तो बुटक्या बिल्डिंगलाच जास्त झोंबतो.

राहिलं दोन किलोमीटरचं. काँक्रीट वर जात नाही वगैरे नाही, बुर्जला ६०६ मीटरपर्यंत पंप केलं, उन्हाळ्यात बर्फ घालून रात्री ओतायचे. अडतं लिफ्टला. स्टीलचा रोप साधारण ५०० मीटरच्या पुढे स्वतःच्याच वजनाने दमतो, म्हणून मधे लिफ्ट बदलावी लागते, कोने या लिफ्ट कंपनीने २०१३ ला कार्बन फायबरचा रोप काढला तो याचसाठी. शिवाय जितकं वर जाल तितक्या लिफ्ट, जिने, पाईप वाढतात आणि खालच्या मजल्यांची विकायची जागा खाऊन टाकतात. बुर्जचे वरचे जवळपास २४४ मीटर तर कोणी राहत नाही असंच टोक आहे. सौदीतला जेद्दाह टॉवर १००० मीटरच्या वर जायचा होता, २०१३ ला काम सुरू, २०१८ ला ठप्प, २०२५ च्या जानेवारीत परत सुरू, म्हणजे तेलाचा पैसा असून ही गत. आणि ही अक्कल फक्त गोऱ्यांची असं नका समजू, शिकागोचा ४४२ मीटरचा सिअर्स टॉवर (आता विलिस टॉवर) नळ्यांची जुडी बांधल्यासारखा उभा करायची कल्पना ढाक्यात जन्मलेल्या फझलूर खान यांची.

टॉवरला विरोध करायचाय तर जरूर करा, कारणं आहेत की. बावीस मजल्यांना उन्हाळ्यात रोज किती टँकर लागणार, ते ज्या गल्लीतून येणार ती किती फूट रुंद आहे, फायर ब्रिगेडची शिडीची गाडी त्या कोपऱ्यावर वळते का, लाईट गेली तर जनरेटरवर किती लिफ्ट चालणार. मीटिंगमध्ये हे एकदा विचारून बघा, बिल्डरचा माणूस लगेच क्लबहाऊसचा फोटो दाखवायला लागतो.