'ज्ञ'चा 'ग्या' कुणी केला?

आज दुपारपासून डोकं फिरलंय म्हणून लिहितेय. लांबण लागणार आहे. कंटाळा आला तर खुशाल पुढे जा.

आमचे आप्पा म्हणजे माझे थोरले चुलते. वय 76. 1967 ला फौजेत भरती झाले, 1984 ला पेन्शनवर आले. आज त्यांना घेऊन तिसऱ्यांदा एका कार्यालयात गेले होते. कोणतं ते लिहीत नाही, काम अजून त्यांच्याच हातात आहे. काउंटरवरच्या मुलानं कागद उलटेपालटे केले आणि विचारलं, "आजोबा, पण हे तुम्हीच, याला पुरावा काय?"

आप्पा चिडले नाहीत. ताठ उभे राहिले आणि आपला आर्मी नंबर सांगितला. हजेरीला सांगतात तसा, एका दमात. मुलगा म्हणाला, "नंबर बरोबर आहे हो. नाव जुळत नाही ना."

नाव का जुळत नाही ते ऐका. आप्पांचं पूर्ण नाव इथे टाकत नाही, त्यांना आवडणार नाही. एवढंच सांगते की ते 'ज्ञ'वरून सुरू होतं. भरती तालुक्याच्या शाळेच्या मैदानात होती. लिंबाखाली टेबल, टेबलामागे उत्तरेकडचा बाबू. त्यानं नाव विचारलं, आप्पांनी सांगितलं. आपण 'ज्ञ' म्हणतो तो त्यांच्याकडे 'ग्य' होतो. त्यानं लिहिलं 'ग्या'. आप्पांनी कागद उलटा वाचला, चूक दिसली, आणि गप्प बसले. मागे दोनशे पोरं उघड्या अंगानं उभी होती. "म्हटलं, बोललो तर म्हणायचा, जा घरी."

अठरा वर्षांच्या पोराला तेव्हा नोकरी हवी होती. ते एक अक्षर पुढे सतरा वर्षं त्यांच्याबरोबर फिरलं. डिस्चार्ज बुकात 'ग्या', पीपीओत (पेन्शनचा आदेश) 'ग्या', 1971 च्या लढाईच्या संग्राम मेडलच्या कडेवर नंबर-हुद्द्याबरोबर कोरलेलं नावही 'ग्या'. मी भिंग लावून पाहिलंय. शाळेच्या दाखल्यावर, सातबाऱ्यावर आणि आधारवर मात्र 'ज्ञ'. इतकी वर्षं कुणाचं काही अडलं नाही. सगळं ऑनलाईन झालं आणि कॉम्प्युटरला कळलं की ही दोन माणसं आहेत. (जन्मतारीख तेवढी जुळते. दोन्हीकडे 1 जून. आपल्या मास्तरांची कृपा, गावातली अर्धी पिढी त्याच दिवशी जन्मली.)

आता मला सांगा, चूक कुणाची? टेबलामागच्या माणसाची. ती निस्तरायची कुणी? शहात्तर वर्षांच्या म्हाताऱ्यानं. प्रतिज्ञापत्र करा, दोन पेपरात जाहिरात द्या, एक इंग्रजी, एक मराठी. अर्जाच्या तीन प्रती करा. मग तो अर्ज फौजींचे सेवेचे कागद ठेवणाऱ्या रेकॉर्ड ऑफिसला जाणार, त्यांनी मान्य केलं तर प्रयागराजच्या पेन्शन कार्यालयातून कॉरिजेंडम, म्हणजे दुरुस्तीचा, पीपीओ निघणार. आणि या सगळ्यात भाषा अशी, की जणू आप्पाच कुणाच्या तरी नावावर पेन्शन उचलत होते! 'विनंती अर्ज' म्हणे. विनंती कसली? तुमचं चुकलंय, तुम्ही खोडा.

मान्य आहे, खोटी माणसंही येतात. मीही एका कॉलेजच्या ऑफिसात बसते, मार्कलिस्टवरचं नाव बदलायला आलेल्या पोरांना मीही कागद मागते. पण चूक आमच्या टायपिंगची असली तर मी त्या पोराला पेपरात जाहिरात द्यायला लावत नाही.

आता दुसरा विषय. खरं तर माझ्या पोटात जास्त तो दुखतोय.

1971 च्या पाकिस्तानविरुद्धच्या लढाईत आप्पा पूर्वेकडे होते. त्या लढाईची तीन मेडल्स तुम्हाला माहीत असतीलच. संग्राम मेडल दोन्ही आघाड्यांना, पूर्वेला लढलेल्यांना पूर्वी स्टार, पश्चिमेला पश्चिमी स्टार. आप्पांच्या कागदात 'ऑप कॅक्टस लिली' (फौजेनं त्या मोहिमेला दिलेलं नाव) लिहिलंय, संग्राम मेडलची नोंद आहे, पूर्वी स्टारची नाही. युनिटमधल्या बाकीच्यांना मिळाला. आप्पा तेव्हा आजारी पडून हॉस्पिटलात, तिथून दुसऱ्या युनिटात, आणि यादी कुठेतरी मधे राहिली. आघाडी कोणती ते कागदात कुठेच लिहिलेलं नाही.

पत्र पाठवलं तर उत्तर आलं, एका ओळीचं, नोंद आढळत नाही.

आजीच्या ट्रंकेत मला एक आंतर्देशीय पत्र सापडलं. नोव्हेंबर 1971. पाठवणाऱ्याचा पत्ता: नंबर, नाव, द्वारा 99 एपीओ (आर्मी पोस्ट ऑफिस). फौजी घरात वाढलेल्यांना कळेल, 56 एपीओ म्हणजे दिल्लीकडून जाणारी डाक, 99 म्हणजे कलकत्त्याकडून. मला वाटलं, जिंकले! आज ते प्लास्टिकच्या पिशवीत घालून नेलं होतं. मुलगा म्हणाला, "मॅडम, हे पत्र आहे, ऑर्डर नाही." हो, 99 एपीओ म्हणजे ईशान्येकडचं कुठलंही ठाणं असू शकतं, हे मलाही कळतं. पण त्यानं ते उघडलंसुद्धा नाही हो. आत लिहिलंय, "इकडे पाणी फार, बूट सुकत नाहीत, बैलाची काळजी घ्या." आणि खाली सही. स्वच्छ, गोल 'ज्ञ'. घरी लिहिताना ते 'ज्ञ'च होते.

गेल्या वर्षी माझ्या लेकानं पुण्यातल्या कॅम्पातून आप्पांना पूर्वी स्टार आणून दिला. तिथे दुकानात मिळतो, रिबनसकट, अर्ध्या तासात. लेकाला वाटलं आजोबा खूश होतील. आप्पांनी हातात घेऊन पाहिला, रुमालानं पुसला, आणि सुपारीच्या डब्यात ठेवून दिला. 16 डिसेंबरच्या, विजय दिवसाच्या कार्यक्रमाचं बोलावणं येतं, 'मेडल्स लावून यावे' असं लिहिलेलं असतं. आप्पा एकटं संग्राम लावतात आणि मागच्या रांगेत बसतात. मी म्हटलं, लावा की तो, कोण बघतंय? म्हणाले, "नोंद नाही ते छातीवर लावायचं नसतं."

हा माणूस नोंदीला एवढा मानतो, आणि नोंद याला मानत नाही.

आणि काकूंचं तर काय सांगू. लग्नात नाव बदललं, आपल्याकडे बदलतात तसं. पार्ट टू ऑर्डरमध्ये (फौजेत लग्न, मुलं यांची नोंद होते तो कागद) माहेरचं गेलं, आधारवर सासरचं आहे. आज आप्पा आहेत म्हणून हसण्यावारी नेता येतंय. उद्या फॅमिली पेन्शनची वेळ आली तर पन्नास वर्षं त्यांच्या डब्यात भाकरी बांधणाऱ्या बाईनं सिद्ध करायचं की आपण त्यांची बायको आहोत. मित्रांनो, तुमच्या घरात फौजी असेल तर आजच्या आज डिस्चार्ज बुक आणि पीपीओ काढून नावं ताडून बघा. फौजी हयात असताना करा. पेन्शनरांचे सेवेचे कागद 50 वर्षं ठेवतात, पेन्शन न होता आलेल्यांचे 25 वर्षांनी नष्ट करतात. आमच्या गावात असे एक जण आहेत, पाय दुखावून लवकर परतले. त्यांनी कुणाकडे काय मागायचं? कागदच नाहीत. आप्पांचे 2034 पर्यंत आहेत म्हणायचे.

कुणीतरी कमेंटमध्ये म्हणेलच, फौजींच्या ट्रिब्युनलमध्ये जा. ठाऊक आहे, मुंबईला बेंच आहे. आप्पांना घेऊन तारखांना मुंबईला कोण जाणार, तेही लिहा.

येताना रिक्षा घोरपडीच्या युद्धस्मारकावरून आली. पुणेकरांनी वर्गणी काढून उभं केलेलं आहे ते, 1998 साली. आप्पांनी नेहमीसारखा कपाळाला हात लावला. माझा राग तिथे जरा उतरला. आणि खरं सांगू, त्या काउंटरवरच्या मुलानंही निघताना आप्पांना पाणी आणून दिलं होतं, जिन्यापर्यंत हात धरला होता. त्याला तरी काय, समोर स्क्रीन असते, स्क्रीन लाल झाली की तो पुढे जाऊ शकत नाही. पण म्हणून काय झालं? त्या लिंबाखालच्या बाबूसमोरही रांगच होती.

त्याआधी शिवाजीनगर कोर्टाबाहेर प्रतिज्ञापत्राला थांबलो होतो, त्याची गंमत राहिलीच. टायपिस्टनं छान मजकूर बनवला, 'माझे खरे नाव ज्ञ… असे असून दोन्ही नावांची व्यक्ती मी एकच आहे'. नोटरीनं पुढे सरकवलं. आप्पांनी चष्मा लावला, दम घेतला आणि झोकात सही केली. 'ग्या…'

मी कपाळाला हात लावला. नोटरी हसायला लागला. आप्पा ओशाळले, म्हणाले, "अगं, पगाराच्या रजिस्टरात तशी केली नाही तर पगार देत नव्हते. नंतर बँकेतही तीच. हात तसाच जातो." मग स्टँप पेपर नवा, टायपिंग नवं, आणि नोटरीची जेवणाची वेळ झालेली. उद्या अकराला परत बोलावलंय.

आत्ता साडेदहा वाजलेत. आप्पा नातवाच्या वहीच्या मागच्या पानावर सही गिरवत बसलेत. शेजारी ते आंतर्देशीय उघडून ठेवलंय, त्यात बघून बघून.